प्रारंभिक कलन (महाविद्यालयीन अभ्यासक्रम, नागपूर)

सतत बदलणाऱ्या राशींचा बदलाचा दर काढणे आणि अशा बदलांची एकत्रित बेरीज करणे, या दोन क्रियांचा व त्यांच्यातील संबंधाचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे कलन. महाविद्यालयाच्या पहिल्या पायरीवर या शाखेची ओळख करून देणाऱ्या अभ्यासक्रमास प्रारंभिक कलन म्हणतात. सीमा (एखादी राशी ज्या किमतीकडे जात राहते ती किंमत), सातत्य (मध्ये खंड किंवा उडी नसणे), अवकलन (बदलाचा दर काढणे) आणि समाकलन (बदलांची बेरीज करणे) हे त्याचे मुख्य भाग होत. नागपुरातील विद्यार्थी यास सरसकट ‘कॅलक्युलस’ म्हणतात, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या तोंडीही विज्ञान शाखेत आल्यावर काही आठवड्यांतच ‘लिमिट’, ‘डेरिव्हेटिव्ह’ व ‘इंटिग्रेशन’ हे शब्द बसतात.

नागपूरच्या विद्यार्थ्याला हा विषय दोनदा भेटतो. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात अकरावीला फलन (फंक्शन), सीमा, सातत्य व अवकलनाची सुरुवात असते. बारावीला अवकलन व त्याचे उपयोग, अनिश्चित व निश्चित समाकलन, क्षेत्रफळे आणि अवकल समीकरणे येतात. त्यानंतर बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात जवळपास त्याच नावांची प्रकरणे पुन्हा समोर येतात. नावे तीच असल्यामुळे ‘हे तर झालेलेच आहे’ असा समज होतो आणि तो पहिल्या चाचणीपर्यंत टिकतो. वस्तुतः बारावीचा पेपर उत्तर काढता येते का हे पाहतो, तर पदवीचा पेपर ते उत्तर कशाच्या आधारावर मान्य करायचे हे विचारतो. हा फरक कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेत दिसत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

विषय ज्या क्रमाने शिकवला जातो, तो त्याच्या इतिहासाच्या जवळजवळ उलट आहे. समाकलनाची कल्पना सर्वांत जुनी असून वक्राखालील क्षेत्रफळे काढण्याचे काम इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने केले होते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त (११५०) ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार मांडला, तर चौदाव्या-पंधराव्या शतकांत केरळातील माधव व त्याच्या परंपरेतील गणितज्ञांनी ज्या (साइन) व कोटिज्या (कोसाइन) यांच्या अनंत श्रेणी शोधल्या. सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निट्स यांनी अवकलन आणि समाकलन या परस्परांच्या व्यस्त क्रिया असल्याचे ओळखून त्यांची पद्धतशीर रचना केली. लायब्निट्सचा अवकलनावरील लेख १६८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत शून्याइतक्या लहान पण शून्य नसलेल्या राशी वापरल्या जात, आणि त्यावर १७३४ मध्ये बिशप बर्कली याने घेतलेला आक्षेप तर्कदृष्ट्या बिनतोड होता. त्याचे समाधानकारक उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षे लागली. कोशीने १८२१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात सीमेला मध्यवर्ती स्थान दिले आणि पुढे वायरश्ट्रासने एप्सिलॉन-डेल्टाची, आज शिकवली जाणारी सीमेची काटेकोर व्याख्या रूढ केली. म्हणजे इतिहासात जी सीमा सर्वांत शेवटी नीट समजली, ती अभ्यासक्रमात सर्वांत आधी येते, आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली ते क्षेत्रफळ शेवटी. तर्काच्या दृष्टीने हा क्रम योग्य आहे, पण व्याख्या आधी आणि तिची गरज नंतर अशा स्थितीत विद्यार्थी सापडतो हेही खरे. मराठीपुरते बोलायचे तर या विषयावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ लिहिले होते.

नागपुरात महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात हिस्लॉप (१८८३) व मॉरिस (१८८५) या महाविद्यालयांपासून झाली. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले आणि २००५ मध्ये त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाल्यापासून नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत आहेत. त्यामुळे शहरातील महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात काटोल, उमरेड, रामटेक, तुमसर अशा गावांहून आलेली मुलेही बरीच असतात. अभियांत्रिकीच्या बाजूस १९६० मध्ये सुरू झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय संस्था (व्हीएनआयटी) झाले. बी.एस्सी.ला कलनाचा स्वतंत्र पेपर असतो; अभियांत्रिकीत तोच भाग ‘एम-वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिताच्या पहिल्या पेपरात इतर विषयांसह येतो आणि तेथे उपपत्तीपेक्षा वापरावर भर असतो.

अवकलनाची मूळ कल्पना स्पष्ट करण्यासाठी खापरी-सीताबर्डी मार्गावरील मेट्रो सोयीची आहे. गाडी स्थानकातून सुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत तिने कापलेले अंतर, मीटरमध्ये, ट²/२ इतके आहे असे मानू. ट म्हणजे सेकंद. दहाव्या सेकंदाला अंतर ५० मीटर होते. दहाव्या ते बाराव्या सेकंदादरम्यानचा सरासरी वेग (७२ − ५०)/२, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दहाव्या ते अकराव्या सेकंदादरम्यानचा १०.५ मीटर, आणि १० ते १०.१ या एका दशांश सेकंदातला १०.०५ मीटर. मध्यंतर ‘ह’ सेकंदांचे घेतले तर सरासरी वेग १० + ह/२ येतो. ‘ह’ शून्याकडे नेल्यास हा वेग १० कडे जातो, म्हणून ठीक दहाव्या सेकंदाचा वेग सेकंदाला १० मीटर, अर्थात ताशी ३६ किलोमीटर. येथे एक बारीक जागा आहे. सुरुवातीलाच ह = ० ठेवले तर शून्य भागिले शून्य असे निरर्थक रूप मिळते; आधी ‘ह’ने भागून घ्यायचे, त्यासाठी तो शून्य नाही असे धरायचे, आणि मग त्याला शून्याकडे न्यायचे. बर्कलीने बोट ठेवले ते नेमके याच जागेवर. वर्गात हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी क्वचित भेटतो, कारण बारावीपर्यंत ट² चे अवकलन २ट हे पाठ झालेले असते आणि पाठ झालेल्या गोष्टीविषयी शंका येत नाही.

एप्सिलॉन-डेल्टा हा या अभ्यासक्रमातील सर्वांत कुप्रसिद्ध भाग. फलनाची किंमत सीमेपासून एप्सिलॉनइतक्या अंतराच्या आत ठेवायची तर क्ष किती जवळ, म्हणजे डेल्टाइतक्या अंतराच्या आत, घ्यावा हे येथे दाखवायचे असते. क्ष ३ कडे जात असता २क्ष + १ ची सीमा ७ आहे, हे सिद्ध करताना डेल्टा म्हणजे एप्सिलॉनचा निम्मा भाग घेतला की काम होते, आणि येथपर्यंत कोणाची तक्रार नसते. क्ष² ची सीमा ९ आहे हे दाखवताना मात्र क्ष² − ९ चे (क्ष − ३)(क्ष + ३) असे अवयव पाडावे लागतात. पहिला अवयव आपल्या ताब्यात असतो, दुसरा क्षबरोबर बदलत राहतो. म्हणून आधी डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असे ठरवायचे. मग क्ष २ व ४ यांच्या दरम्यान राहतो, क्ष + ३ हे ७ पेक्षा लहान राहते, आणि डेल्टा १ व एप्सिलॉनचा सातवा भाग यांपैकी जो लहान तो घेता येतो. ‘हा सात आला कुठून?’ हा प्रश्न या टप्प्यावर हमखास येतो. सातला स्वतःचे काही महत्त्व नाही. सुरुवातीची मर्यादा १ ऐवजी २ धरली असती तर ८ आला असता आणि सिद्धता तितकीच बरोबर ठरली असती. एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे बरोबर असू शकतात आणि त्यांतले एक आपण निवडायचे असते, ही गोष्ट चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय झालेल्या विद्यार्थ्याला खटकते.

ती सवय लावणारी व्यवस्था येथे भक्कम आहे. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या गणिताच्या पेपरात प्रत्येकी दोन गुणांचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दर प्रश्नाला दोन मिनिटेही मिळत नसल्याने शिकवण्यांत युक्त्यांना प्राधान्य मिळते. समाकलनाचे उत्तर काढत बसण्याऐवजी दिलेल्या पर्यायांचेच अवकलन करून मूळ फलन कोणत्यातून परत मिळते ते पाहणे, ही त्यांतली एक. तिच्यात गैर काही नाही. उलट अवकलन व समाकलन परस्परव्यस्त आहेत या मूलभूत प्रमेयाचाच तो वापर आहे, फक्त प्रमेयाचे नाव न घेता केलेला. खंडशः समाकलनात (दोन फलनांच्या गुणाकाराचे समाकलन करताना) कोणते फलन आधी घ्यायचे हे ‘आयलेट’ (ILATE) या, फलनांच्या प्रकारांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने ठरवण्याची युक्तीही अशीच उपयोगी आहे. पदवीच्या पेपरात मात्र पर्याय नसतात आणि पायऱ्यांना गुण असतात.

अनुत्तीर्णतेचे कारण कलनात शोधले जात असले तरी उत्तरपत्रिकांतील चुका बहुधा त्याखालच्या थरातल्या असतात. क्ष² + ९ चे वर्गमूळ क्ष + ३ असे लिहिणे, बेरजेच्या लॉगचे लॉगांच्या बेरजेत रूपांतर करणे, त्रिकोणमितीय सूत्रात चिन्ह चुकवणे, फलन कोणत्या किमतींसाठी अस्तित्वात आहे हे न पाहता पुढे जाणे, या चुका आठवी ते अकरावीच्या आहेत. अवकलनाचा नियम त्याच ओळीत अनेकदा अचूक लावलेला असतो. अनिश्चित समाकलनानंतर ‘प्लस सी’, म्हणजे उत्तरात मिळवायचा स्थिरांक, विसरण्यावर शिक्षक फार चिडतात. अवकल समीकरणात तो स्थिरांक गाळला तर सुरुवातीची अट लावायलाच जागा उरत नाही, त्यामुळे हा राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

निश्चित समाकलनाचा अर्थ सूत्रांच्या गर्दीत हरवतो. अंबाझरी तलावाच्या नकाशावर समान अंतराने समांतर रेषा आखून, प्रत्येक रेषेवर पाण्याची रुंदी मोजून, त्या रुंदींना दोन रेषांमधील अंतराने गुणून बेरीज केली तर तलावाचे क्षेत्रफळ साधारण मिळते, आणि रेषा जितक्या जवळ तितके उत्तर सुधारते. तलावाच्या काठाला कोणतेही सूत्र नसताना हे करता येते. निश्चित समाकलनाची व्याख्या हीच आहे. रोलचे प्रमेय, मध्यमान प्रमेये, टेलर व मॅक्लॉरिन श्रेणी, लायब्निट्सचे क्रमिक अवकलनाचे सूत्र आणि आंशिक अवकलजे हा उरलेला भाग परीक्षेच्या दृष्टीने सरळ असून सरावाने पक्का होतो.

शिकवण्याची भाषा मिश्र असते. फळ्यावर सर्व काही इंग्रजीत लिहिले जाते, समजावणे मराठीत किंवा नागपुरी हिंदीत होते, आणि शंका ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारली जाते. गणित करताना ही सरमिसळ नडत नाही. सिद्धता लिहिताना नडते, कारण ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा असतो’ आणि ‘असा एक डेल्टा असतो जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो’ या दोन विधानांतला फरक केवळ शब्दक्रमाचा आहे, आणि वर्गात मराठीतून कळलेला तो फरक परीक्षेत इंग्रजी वाक्यात उतरवायचा असतो. पहिल्या सत्राचा पेपर विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षेत येतो. तयारीचा मोठा भाग मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात जातो, आणि सिद्धतेचा प्रश्न ‘ऑप्शनला टाकून’ क्रमिक अवकलन व समाकलनावर गुण मिळवण्याचा मार्ग सर्रास स्वीकारला जातो. त्या मार्गाने पेपर निघतो. अभियांत्रिकीला गेलेल्यांना पुढे लाप्लास रूपांतर व फूरिए श्रेणी लागतात आणि तेथे एप्सिलॉनशी गाठ पडत नाही. गणित घेऊन बी.एस्सी. पुढे नेणाऱ्यांना मात्र वास्तव विश्लेषणात क्रमिका, श्रेणी व सातत्य यांची प्रत्येक सिद्धता त्याच व्याख्येवरून सुरू करावी लागते.