शेततळ्यातील मत्स्यपालनाचे अर्थकारण (सोलापूर जिल्हा)

पिकासाठी साठवलेल्या पाण्यातच मासे वाढवून त्याच पाण्यापासून दुसरे उत्पन्न मिळवण्याची ही पद्धत आहे. भातशेतीच्या प्रदेशांत ती जुनी आहे. अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात आपातानी शेतकरी भाताच्या खाचरांत मासे सोडतात, तर केरळच्या किनारी भागात पोक्काळी भाताची कापणी झाली की त्याच शेतांत खारे पाणी घेऊन कोळंबी वाढवली जाते. सोलापूर हा पर्जन्यछायेतील, सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर पावसाचा आणि रब्बी ज्वारीचा जिल्हा असल्याने येथे भाताची खाचरे नाहीत. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या तालुक्यांत डाळिंब, द्राक्ष आणि इतर फळबागांसाठी खोदलेल्या शेततळ्यांनी त्यांची जागा घेतली आहे.

दोन्ही ठिकाणचा हिशेब एकाच तत्त्वावर उभा असला तरी त्यातील मुख्य खर्च वेगळा आहे. खाचरात पाणी भातासाठी उभे असतेच, त्यामुळे माशांसाठी पाण्याचा वेगळा खर्च येत नाही. मासे किडी व कोवळे तण खातात, त्यांच्या विष्ठेचे खत होते आणि शेतकऱ्याला फक्त माशांच्या आसऱ्यासाठी बांधालगत चर खणण्यापुरती जमीन सोडावी लागते. सोलापुरात मात्र तळ्यातील पाणी बहुधा विहिरीतून किंवा बोअरमधून वीज खर्चून वर आणलेले असते आणि उन्हाळ्यात त्यावर बागेचा पहिला हक्क असतो. म्हणून येथील मत्स्यपालनाचा नफा किलोच्या भावावर जितका ठरतो, त्याहून अधिक तो माशांसाठी बागेचे किती पाणी अडकून पडले यावर ठरतो. पाण्याची ही किंमत वगळून मांडलेले ताळेबंद फसवे असतात.

जिल्ह्यात सर्रास आढळणारे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल असते. बाजू उतरत्या ठेवल्याने तळ २४ मीटर लांब व २४ मीटर रुंद उरतो आणि पूर्ण भरल्यावर सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असल्यामुळे पातळी एक सेंटीमीटर उतरली की ९,००० लिटर पाणी उडालेले असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात एवढे बाष्पीभवन ही दिवसाची बाब आहे. झिरपा थांबवण्यासाठी अंथरलेल्या प्लास्टिकमुळे पाणी टिकते, पण मातीचा तळ नाहीसा होतो. चिखलातील अन्नावर जगणाऱ्या मृगळ माशाला त्यात फारसे काही मिळत नाही आणि मातीतून येणाऱ्या पोषणाअभावी नैसर्गिक खाद्य, म्हणजे प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), कमी तयार होते. म्हणून अशा तळ्यात वरच्या थरातील कटला व मधल्या थरातील रोहू यांवर भर देणे अधिक योग्य ठरते.

दर चौरस मीटरला एक या दराने ९०० बोटुकल्या (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडल्या, त्यांतील तीन चतुर्थांश जगल्या आणि प्रत्येकी सरासरी ६०० ग्रॅमपर्यंत वाढल्या, तर सुमारे ४०० किलो मासळी निघते. हा आकडा हंगामाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. जिल्ह्यातील पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये, परतीच्या पावसात पडतो. तळे तेव्हा भरते, लगोलग थंडी येते आणि पाणी गार झाले की रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांची भूक मंदावते. फेब्रुवारीपासून वाढ पुन्हा वेग घेते, तोच आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या) डाळिंबाला पाणी सोडावे लागते. भातखाचरात पाणी आणि ऊब एकाच हंगामात लाभतात, तसे येथे होत नाही. त्यामुळे इवलेसे बीज सोडण्याऐवजी आधीच्या वर्षी दाटीत राखलेली, बोटापेक्षा मोठी झालेली मासळी सोडणे महाग वाटले तरी परवडते, कारण मे महिन्यापूर्वी विक्रीयोग्य वजन तिचेच भरते.

चालू खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा, अनेकदा निम्म्याहून अधिक असतो. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात मिसळून माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य रोज देण्याची रीत आहे. छिद्रे पाडलेली गोणी बांबूला बांधून पाण्यात सोडली की खाद्य वाया जात नाही आणि माशांनी किती खाल्ले ते सायंकाळी गोणी उचलून पाहता येते. उरलेले खाद्य कुजून पहाटे प्राणवायू घटतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले की तातडीने ताजे पाणी सोडावे लागते.

माशांच्या विष्ठेमुळे तळ्याच्या पाण्यात नत्र व स्फुरद वाढतात आणि ठिबकमधून ते बागेला मिळतात. हा लाभ खरा आहे, परंतु त्याच पाण्यातील शेवाळ ठिबकची छिद्रे बुजवते, म्हणून वाळूचा फिल्टर वारंवार उलटा धुवावा लागतो. बागेवर फवारलेले कीटकनाशक वाऱ्याने किंवा ओघळाने तळ्यात गेले तर मासे मरतात. एकाच शेतकऱ्याची दोन उत्पन्ने येथे समोरासमोर येतात.

बाजाराच्या दृष्टीने जिल्ह्यात उजनी जलाशयाचे वर्चस्व आहे. भीमेवर १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचा, आहे आणि दुष्काळातही उरणाऱ्या या पाण्यावर भोई-कोळी समाजातील अनेक कुटुंबांची मासेमारी चालते. जलाशयातील चिलापी (तिलापिया) मासळी स्वस्तात बाजारात येते, तेव्हा शेततळ्यातील रोहू-कटल्याला ताजेपणावरच भाव मिळवावा लागतो. चारशे किलो मासळी एकदम ओढून दलालाकडे नेण्यापेक्षा शेजारच्या चार-पाच तळ्यांनी काढणीचे दिवस वाटून घेऊन आठवडी बाजारात जिवंत मासळी विकणे अधिक किफायतशीर ठरते.

राज्यात २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत खोदाईसाठी ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान होते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मत्स्यपालन प्रकल्पांना सर्वसाधारण गटात ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्य ठेवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे कर्ज, विमा व वीजदर यांत मत्स्यपालकाला शेतकऱ्याच्या बरोबरीने सवलती मिळण्याचा मार्ग खुला झाला असून, उपशावर चालणाऱ्या सोलापुरी तळ्यांसाठी यांपैकी वीजदराची सवलत सर्वांत मोलाची आहे.