मुलांचे न्यूरोजेनिक मूत्राशय: नळी जन्मापासून, की वाट पाहून?

स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटता उघडा राहण्याचा जन्मजात दोष, घेऊन जन्मलेली बहुतेक बाळे १९५०च्या दशकापर्यंत मेंदूत पाणी साचून किंवा जंतुसंसर्गाने दगावत. मेंदूतले पाणी वळवून काढणारी नळी, म्हणजे शंट, आला, मुले जगू लागली आणि मग त्यांच्या किडन्या जाऊ लागल्या. कारण मूत्राशयाच्या नसाच बिघडलेल्या, त्यामुळे ते नीट रिकामे होत नाही (हेच न्यूरोजेनिक मूत्राशय) आणि त्याचा दाब किडन्यांवर येतो. त्यावर तेव्हाचा उपाय म्हणजे आतड्याचा तुकडा जोडून लघवी पोटावरच्या पिशवीत काढून देणे. पोर कोरडे राही, घरचेही सुटकेचा श्वास टाकत; पण पुढे यांतल्याच अनेकांना मुतखडे झाले, किडन्याही बिघडल्या.

१९७२ साली अमेरिकेतून वेगळीच सूचना आली. साबणाने हात धुवा, मूत्रमार्गातून स्वच्छ नळी घाला, मूत्राशय रिकामे करा, काही तासांनी पुन्हा तेच. निर्जंतुक हातमोजे वगैरे काही नको. तर्क असा की तट्ट फुगलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी पोहोचते आणि तीच संसर्गाला बळी पडते. म्हणजे नळीवरच्या जंतूंपेक्षा साचलेली लघवी वाईट. आज हे सगळीकडे रुळले आहे.

१९८१मध्ये दाबाचा आकडा पुढे आला. ज्या मुलांची लघवी ४० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाहून जास्त दाबाला गळू लागे, त्यांच्या किडन्यांना धोका मोठा. म्हणजे सतत ओला लंगोट हे दरवेळी वाईट लक्षण नव्हे; मूत्राशयाच्या तोंडाची झडप घट्ट आवळलेले, तासन्‌तास कोरडे राहणारे बाळ जास्त काळजीचे असू शकते.

नळी कधी सुरू करायची, हा खरा वाद इथून सुरू होतो. एक बाजू म्हणते, सोनोग्राफी आणि दाबाच्या चाचण्या करत राहा, काही बिघडले तरच नळी सुरू करा. धडधाकट किडन्यांच्या बाळाच्या आईबापांमागे दिवसातून चार-पाच वेळा हे काम कशाला? दुसरी बाजू जन्मापासूनच नळी आणि गरजेनुसार मूत्राशय सैल करणारे ऑक्सिब्युटिनिन हे औषध द्या म्हणते. मूत्राशयाची भिंत एकदा जाड आणि ताठर झाली की ती सहसा पूर्ववत होत नाही, मग आतडे लावून मूत्राशय मोठे करण्याची शस्त्रक्रिया टाळणे अवघड. शिवाय तान्हेपणी लागलेली सवय मूल मुकाट स्वीकारते. पाच वर्षांच्या पोराला पहिल्यांदा नळी घालायला जा, म्हणजे फरक कळेल. ‘वाट पाहू’ म्हणणाऱ्यांचा भरवसा मुळात वेळच्या वेळी होणाऱ्या चाचण्यांवर आहे, आणि त्या चुकतातच. दोन्हीकडचे पुरावे मुख्यतः जुन्या नोंदी चाळून काढलेले, हेही खरे. पहिली दाबाची चाचणी होईपर्यंत सगळ्यांनाच नळी, हा मधला मार्ग अनेक ठिकाणी रूढ झाला आहे.

अपेंडिक्सचा वापर करून मूत्राशयापर्यंत मार्ग बनवून बेंबीतून नळी घालण्याची सोय १९८०ची. व्हीलचेअरवरच्या मुलीला ती फार सोपी पडते. अमेरिकेत २०२१ साली मुलांच्या अशा मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन (मूत्राशय सैल करणारे औषध) आणि बोट्युलिनम इंजेक्शन (मूत्राशयाच्या स्नायूत देतात) दोन्हींना मंजुरी मिळाली. गर्भातच पाठ शिवण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष २०११मध्ये आले: शंटची गरज घटली, पाय सुधारले. मूत्राशयाचा लाभ मात्र पहिल्या अडीच वर्षांत ठळक दिसला नाही, त्यामुळे नळी कधी सुरू करायची हे याही बाळांच्या बाबतीत ठरवावेच लागते.