सबनॉटिका : पाण्याखालचे प्रदेश आणि हवामान

सबनॉटिका हा समुद्रात तगून राहायचा व्हिडिओ गेम आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अननोन वर्ल्ड्स एंटरटेनमेंट स्टुडिओनं तो बनवला, दिग्दर्शन चार्ली क्लीव्हलँड यांचं. 4546बी नावाच्या, जवळपास सगळा पाण्यानं झाकलेल्या ग्रहावर अरोरा नावाचं अंतराळयान कोसळतं आणि खेळणारा एका छोट्या पॉडमध्ये लाटांवर तरंगत उरतो, तिथून सुरुवात. बाकी कथा सगळ्यांना माहितीच आहे, इथं फक्त भवताल आणि हवामान बघायचंय.

काळाबद्दल थोडं सांगायला पाहिजे, कारण इथंच घोळ होतो. गेम डिसेंबर 2014 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच विक्रीला, आला आणि पूर्ण आवृत्ती 23 जानेवारी 2018 ला आली, मधली तीन वर्षं लोक खेळतच होते आणि जग त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होतं. म्हणून काहीजण गेम 2014 चा धरतात, काही 2018 चा. प्रदेशांविषयी बोलायचं तर 2018 धरणं जास्त बरोबर वाटतं, कारण सुरुवातीच्या आवृत्त्यांत समुद्राचा तळ खणता यायचा, त्यासाठी टेराफॉर्मर नावाचं हत्यारच होतं, पण कॉम्प्युटरवर त्याचा फार भार पडायचा म्हणून ते पुढं काढून टाकलं. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून कुणी सांगितलेला तळ आजच्या तळाशी जुळेलच असं नाही. नकाशा दरवेळी आपोआप नवा तयार होतो हा समजही बऱ्याच जणांचा असतो, तो चूक आहे. प्रत्येक गुहा, प्रत्येक कडा हातानं रचलेली आहे आणि सगळ्यांना तीच मिळते, जागोजागी विखुरलेल्या वस्तू तेवढ्या थोड्या इकडंतिकडं होतात.

आता मुख्य वाद. या गेममध्ये हवामान आहे की नाही? एक बाजू म्हणते, नाही. पाण्यावर डोकं काढलं तर पाऊस नाही, वादळ नाही, ढग सरकतात, लाटा हलतात, झालं. दिवसरात्रीचं चक्र आपल्या घड्याळाच्या साधारण 20 मिनिटांत फिरतं आणि मधूनच एक मोठा चंद्र सूर्यासमोर येऊन भरदिवसा अंधारून येतं, एवढंच काय ते आकाशात घडतं. दुसरी बाजू म्हणते की हवामान आहे पण ते पाण्याच्या आत आहे, प्रत्येक प्रदेशाच्या पाण्याला स्वतःचा रंग, गढूळपणा, उजेड आणि तापमान दिलंय आणि एका प्रदेशातून दुसऱ्यात शिरताना ते बदलतं. या नोंदीत दुसरी बाजू धरलीय, कारण खेळताना निर्णय आकाश बघून घेतले जात नाहीत. पुढचं पाणी किती मीटरपर्यंत दिसतंय, किती खोल आहे, हवा किती सेकंदांची उरलीय, यावरच सगळं ठरतं.

खोलीचा हिशोब असा. टाकीशिवाय 45 सेकंदांचा श्वास मिळतो, साधी टाकी घेतली की 75, आणि सगळ्यात मोठी घेतली की 225. पण 100 मीटरच्या खाली रिब्रीदर, म्हणजे हवा पुरवून वापरू देणारा मुखवटा, नसेल तर ऑक्सिजन भराभर संपतो, 200 च्या खाली आणखी वेगानं. खऱ्या समुद्रात दर 10 मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे 100 मीटरवर माणसावर अकरा पट दाब असतो आणि टाकीतली हवा त्याच प्रमाणात लवकर संपते, तेव्हा तत्त्व खरं आहे, गेमनं त्याच्या दोन पायऱ्या करून टाकल्यात एवढंच. दाबाच्या बाबतीत मात्र गेमनं सूट घेतलीय. खेळणाऱ्याचं शरीर कितीही खोल चिरडत नाही, चिरडतात ती वाहनं. सीमॉथ सुरुवातीला 200 मीटरपर्यंतच जाते आणि मॉड्यूल लावत लावत 900 पर्यंत, सायक्लॉप्स पाणबुडी 500 पासून 1700 पर्यंत, प्रॉन सूट 900 पासून 1700 पर्यंत. झपाट्यानं वर आल्यावर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, डायव्हिंग करणाऱ्या माणसांचा खरा जीवघेणा त्रास तोच, त्याचीही व्यवस्था एकेकाळी घालून बघितली होती पण साध्या खेळात ती ठेवली नाही. ठेवायला पाहिजे होती असं डायव्हिंग जाणणारे म्हणतात. पण ती ठेवली असती तर ते बुडबुडे टाळायला निम्मा वेळ वर येताना थांबण्यातच गेला असता, त्यामुळे स्टुडिओचं बरोबर वाटतं.

उजेडाचं काम जास्त बारकाईनं झालंय. खऱ्या पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच मरतो, निळा सगळ्यात खोलवर पोचतो, 200 मीटरच्या खाली संधिप्रकाश आणि हजाराच्या खाली सूर्याचा उजेड नाहीच. गेम हे खोलीनुसार कमी आणि प्रदेशानुसार जास्त दाखवतो. सेफ शॅलोजमध्ये पाणी काचेसारखं आणि ऊन थेट वाळूवर, बाजूच्या केल्प फॉरेस्टमध्ये, म्हणजे उंच समुद्रशेवाळाच्या जंगलात, हिरवट. ग्रासी प्लॅटोजला लाल गवत. ड्यून्समध्ये पाणी गढूळ, काही अंतरापलीकडं दिसतच नाही आणि रीपर लेव्हायथन या अजस्त्र शिकारी माशाचा आवाज आधी येतो, आकार नंतर दिसतो, आणि तिथली भीती त्या माशापेक्षा त्या गढूळपणानं केलेली आहे. ब्लड केल्पमध्ये जवळपास काळोख, तिथं स्वतः चमकणारे जीवच दिवा.

त्याच्या खाली लॉस्ट रिव्हर, साधारण 500 ते 900 मीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तेवढंच उलटं खाली मोजलं तरी ही नदी अजून यायचीय. समुद्राच्या तळाशी नदी कशी, हा प्रश्न पहिल्यांदा खेळणारा प्रत्येकजण विचारतो. त्याला खरा आधार आहे. मेक्सिकोच्या आखातात आणि तांबड्या समुद्रात तळाला अतिखारट पाण्याची तळी सापडलीत, ते पाणी इतकं जड असतं की वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्याला स्वतःचा काठ आणि स्वतःचा पृष्ठभाग दिसतो आणि बहुतेक जीव त्यात शिरले तर मरतात. गेममधलं हिरवं पाणीही अंगाला लागलं की इजा करतं. त्याहून खाली इनअ‍ॅक्टिव्ह लाव्हा झोन आणि लाव्हा लेक्स. तिथं अंधार जाऊन उलट लाल उजेड येतो, पाणी भाजतं आणि त्याच उष्णतेवर थर्मल प्लांटनं वीज मिळते. सोलर पॅनल खोलीबरोबर कमजोर होत जातात, त्यामुळे वरून खाली जाताना विजेचं साधन बदलावंच लागतं. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांभोवती सूर्याशिवाय जगणारी जीवसृष्टी 1977 मध्ये गॅलापागोसजवळ आल्विन पाणबुडीनं पहिल्यांदा दाखवली, हे प्रदेश त्याच शोधाच्या वळणाचे आहेत. नकाशाच्या कडेला तळ तुटतो आणि नुसता अथांग खड्डा लागतो, तिथं घोस्ट लेव्हायथन येतात.

अरोराच्या आसपासचा किरणोत्सर्ग हाही हवामानातच धरावा. यानाचा स्फोट झाल्यावर तो पसरतो आणि अणुभट्टी दुरुस्त करेपर्यंत सूट घातल्याशिवाय जवळ जाता येत नाही.

खरं, आकाशातलं हवामान आलं ते सबनॉटिका : बिलो झिरोमध्ये. हा दुसरा गेम 30 जानेवारी 2019 ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आणि 14 मे 2021 ला पूर्ण आला, त्याच ग्रहाच्या बर्फाळ भागात घडतो. इथं बर्फाचं वादळ, धुकं, गारा सगळं आहे आणि शरीराच्या तापमानाचा वेगळा बार आहे, जमिनीवर वादळात अडकलं की तो उतरतो, पाण्यात उडी मारली की उतरायचा थांबतो. यावर बरेच जण अडतात, कारण खरं पाणी हवेपेक्षा वीसपंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं. डायव्हिंग सूटचं कारण देता येतं. पण खरं कारण खेळाच्या रचनेचं असावं, पाणी हे घर आणि जमीन हा परका मुलूख, असंच त्यांना ठेवायचं होतं. पाण्याखाली ट्विस्टी ब्रिजेस, लिलीपॅड आयलंड्स आणि क्रिस्टल केव्ह्ज देखणे आहेत, पण एकूण जग लहान आणि उथळ आहे, त्यामुळे खोलीचा तो दबदबा पहिल्या गेमइतका बसत नाही.

सोलापूरकडच्या खेळणाऱ्यांविषयी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. इथं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, समुद्र पार कोकणात. मोठं पाणी म्हणजे उजनी नाहीतर हिप्परग्याचा तलाव, आणि त्यातही पृष्ठभागाखाली हातभरही दिसत नाही. मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असताना दुपारी बाहेर पडायची सोय नसते तेव्हा पोरं हाच गेम लावून बसतात, आणि स्वच्छ पाण्यात लांबपर्यंत दिसणं ही इथं बऱ्याच जणांची पहिली ओळख असते. “पाणी एवढं निळं असतंय व्हय?” हा प्रश्न इथला अगदी खरा आहे. केल्पची जंगलं, प्रवाळ, खारट तळी, उष्ण झरे हे शब्द बऱ्याच पोरांना आधी गेममध्ये भेटतात आणि पुस्तकात नंतर, आणि ही सबनॉटिकाची मोठी देणगी म्हणायला हरकत नाही.

याच जातीच्या दुसऱ्या खेळांत स्ट्रँडेड डीप पॅसिफिकमध्ये घडतो आणि त्यात वादळं येतात. स्वीडनच्या रेडबीट इंटरॅक्टिव्हचा राफ्ट 2022 मध्ये पूर्ण झाला, त्यात वारा महत्त्वाचा, कारण तराफा शिडावर चालतो.