समजुतीची सत्यासत्यता

एखाद्याची खाजगी समजूत खरी, खोटी किंवा वैध ठरवता येते का, हा ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचे ते तपासणाऱ्या तत्त्वज्ञानातला, प्रश्न आहे. ‘ज्याची त्याची श्रद्धा’ म्हटले की वाद मिटतो खरा, पण त्याने समजूत बाळगण्याचा हक्क तेवढा मान्य होतो. तिच्यातले विधान तपासायचे राहूनच जाते.

आधी समजूत फोडावी लागते. ‘कानबाईला नवस बोललो म्हणून केळी करप्यातून वाचली’ या वाक्यात (कानबाई ही खानदेशातली देवी, करपा हा केळीच्या पानांवरचा रोग) तीन विधाने आहेत. नवस बोलला, हे ऐकणाऱ्यांकडून कळते. बाग वाचली, हे पानांवरून. ‘म्हणून’ हा मात्र कार्यकारणाचा दावा आहे. त्यासाठी त्याच शिवारातल्या, तीच फवारणी झालेल्या, पण नवसाविनाच्या बागा पाहाव्या लागतात. नवस फळला नाही तर ‘पाळण्यात काही चुकले असेल’ अशी वाट आधीच मोकळी ठेवली असेल, तर विधान कधीच खोटे पडत नाही. कार्ल पॉपर यांनी 1934 मध्ये विज्ञानाची सीमा खंडनीयतेवर, म्हणजे विधान खोटे ठरू शकते का यावर, आखली ती अशाच विधानांना वेगळे काढण्यासाठी.

कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या प्रसादाची जाड पोळी, भाऊबंदकीबाहेर द्यायचा नाही, हा नियम. त्याला खरे-खोटे लागत नाही. तो पाळतात का आणि योग्य आहे का, एवढेच विचारता येते. वैधता तर अनुमानाची, म्हणजे एका विधानावरून दुसरे काढण्याची, असते, सुट्या समजुतीची नाही.

न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेची कसोटी फळाची: दूर पाणी दिसले, तिथे गेलो, तहान भागली, तर ज्ञान यथार्थ. मीमांसा या दुसऱ्या दर्शनाच्या मते बाध येईपर्यंत, म्हणजे ते खोटे ठरवणारे काही पुढे येईपर्यंत, ज्ञान स्वतःच प्रमाण. न्यायदर्शनाची कसोटी पाणाड्याला, म्हणजे तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्याला, लावली की ती कुठे तोकडी पडते ते दिसते. तळहातावरचा नारळ उभा राहिला, तिथे बोअर घेतली, पाणी लागले. पण खानदेशातल्या यावल-रावेरच्या गाळाच्या पट्ट्यात पुरेसे खोल गेल्यावर पाणी बहुतेक ठिकाणी लागतेच. तिथल्याच साक्री-पारोळ्याच्या काळ्या पाषाणात ते भेगा सापडल्या तरच मिळते. म्हणजे गाळातले यश पाणाड्याच्या विद्येबद्दल फारसे काही सांगत नाही. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तराने नेमकी हीच अडचण मांडली होती: मृगजळाला पाणी समजून गेलेल्याला तिथेच खडकाखाली पाणी मिळाले, तर त्याला आधी ज्ञान होते म्हणायचे का? समजूत खरी निघाली, पण केवळ योगायोगाने, तर ते ज्ञान का, हा याच जातीचा पेच एडमंड गेटियर यांनी 1963 मध्ये पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात गाजवला.

पाणाड्याची परीक्षा घ्यायची तर जमिनीत पाइप पुरून त्यातले पाणी चालू-बंद करावे आणि ‘वाहते की नाही’ एवढेच विचारावे. क्रम नाणे उडवून ठरवावा. वीस फेऱ्यांत निव्वळ अंदाजाने सरासरी दहा उत्तरे बरोबर येतात; पंधरा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात सुमारे दोन. बिघडते ते असे: व्हॉल्व्ह फिरवणारा समोरच उभा असतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळते, किंवा पाइपातला आवाज ऐकू येतो. शेतातल्या बोअरवर चाचणी असेल, तर किती फुटांवर किती इंची पाणी लागले म्हणजे यश, हे खोदण्याआधी लिहून ठेवावे. नाहीतर नुसती ओल लागली तरी ‘पाणी होतेच’ म्हणतात. नारळ हलतो तो स्नायूंच्या नकळत झालेल्या हालचालीने, हे मान्य केले तर पाणाडा प्रामाणिक असूनही त्याचा दावा चुकीचा असू शकतो. गावातल्या भांडणात नेमके हेच विसरले जाते.

सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात, तेव्हा दाव्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाला भोगावी लागते. इथे तपासण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर; बाईने आपण डाकीण नाही हे सिद्ध करायचे नसते. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मनातल्या समजुतीला हात लावत नाही. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे मात्र गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड.