न्यायासनावरची लाच: तिचा माग काढण्याचा इतिहास

न्यायालयातल्या भ्रष्टाचाराची बातमी आली की सगळी चर्चा त्या एका न्यायाधीशाभोवती फिरू लागते. तो कोण, रक्कम किती, त्याच्या पाठीशी कोण. पण हा रोग न्यायसंस्थेइतकाच जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते: लाच घेऊन दिलेला निकाल आणि प्रामाणिकपणे दिलेला निकाल कागदावर सारखेच दिसतात. दोन्हींत पुराव्याची चर्चा असते, कलमे असतात, कारणे असतात. पूल कोसळला तर सिमेंटमध्ये काय मिसळले होते ते तपासता येते; आरोपीला जामीन कायद्याने मिळाला की पैशाने, हे निकालपत्र वाचून कळत नाही. न्यायाधीशाला दोन्ही बाजू तोलून ठरवण्याची जी मोकळीक द्यावीच लागते, नेमकी तीच लाचेला लपायला जागा देते.

दुसरी अडचण पहिलीइतकीच मोठी. न्यायाधीशावर नजर ठेवणारी यंत्रणा उभी केली, तर नावडते निकाल देणाऱ्यांना सरळ करण्यासाठी तीच यंत्रणा सत्ताधाऱ्यांच्या हाती लागते. मराठी माणसाच्या मनात सच्चा न्यायाधीश म्हटले की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात: राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. ती निर्भयता सत्तेपुढची. पक्षकाराच्या पैशापुढे ताठ राहणे हा वेगळा गुण आहे, आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. या दोन्हींची राखण एकाच वेळी कशी करायची, हे कोडे सोडवायला जगाला फार वेळ लागला आहे.

सुरुवातीचे उपाय शिक्षेचे होते. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या संहितेत पाचवेच कलम न्यायाधीशाबद्दल आहे. निकाल दिला, तो लिहून मुद्रा उमटवली आणि नंतर बदलला, तर दाव्याच्या रकमेच्या बारापट भरपाई आणि न्यायसभेतून कायमची हकालपट्टी. या कलमात लाचेचा उल्लेखच नाही. जे सिद्ध करता येत नाही त्याच्या मागे न लागता, जे सिद्ध करता येते तेवढे, म्हणजे लेखी निकालात झालेला बदल, पकडले आहे. हे शहाणपण पुढे बराच काळ हरवले. रोमच्या बारा फलकांवरच्या कायद्यात लाचखोर न्यायाधीशाला देहदंड होता. इराणचा सम्राट कंबायसिस याने सिसॅम्नेस नावाच्या न्यायाधीशाची कातडी सोलून ती त्याच्याच आसनावर ताणून बसवली आणि त्या आसनावर त्याच्या मुलाला नेमले, अशी हकिकत हिरोडोटस सांगतो. १४९८ साली ब्रूज शहराच्या कारभाऱ्यांनी हाच प्रसंग चित्रकार जेरार्ड डेव्हिडकडून रंगवून घेतला, तो जिथे ते स्वतः न्यायनिवाडे करत त्या सभागृहासाठी. दहशत बसवण्याचा हा मार्ग डोळ्यांत भरतो खरा, पण सापडणाऱ्याला काय होईल एवढेच तो सांगतो. सापडणार कसा, यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

ते उत्तर दोन ठिकाणी दोन वेगळ्या वाटांनी शोधले गेले, आणि मला दोन्ही वाटा आजही महत्त्वाच्या वाटतात.

पहिली अथेन्सची. तिथे शेकडो नागरिकांचे मंडळ मिळून निकाल देई. एवढ्या लोकांना विकत घेणे अवघड, तरी अनायटस नावाच्या सेनानीने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस तेही करून दाखवल्याचे ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या ग्रंथात नोंदले आहे. मग पुढच्या शतकात चिठ्ठ्यांची पद्धत कमालीची काटेकोर झाली. प्रत्येक नागरिकाकडे आपल्या नावाची छोटी पट्टी असे. उभ्या दगडी शिळेत ओळीने खाचा कोरलेल्या, त्यांत या पट्ट्या खोचायच्या. बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोटे एकेक करून खाली येत आणि त्यांच्या रंगावरून अख्खी ओळ निवडली वा वगळली जाई. कोण कोणत्या न्यायालयात बसणार हेसुद्धा त्याच दिवशी सकाळी चिठ्ठीने ठरे. लाच द्यायची तर कोणाला द्यायची, हेच आधी कळू नये, अशी ही व्यवस्था. यात कोणाच्या चारित्र्यावर भरवसा ठेवावा लागत नाही.

दुसरी वाट कौटिल्याची. अर्थशास्त्रात राजाचा गुप्तहेर न्यायाधीशाचा, म्हणजे धर्मस्थाचा, विश्वास संपादन करतो आणि म्हणतो: अमुक माझा नातलग आहे, त्याच्यावर आरोप आलाय, त्याला सोडवा आणि हे धन घ्या. धर्मस्थाने तसे केले तर लाचखोर ठरवून त्याला हद्दपार करायचे. याच ग्रंथात आणखी बारीक गोष्टींनाही दंड आहे: पक्षकाराला दटावणे, हाकलून देणे, विचारायला हवे ते न विचारणे, आणि साक्षीदार बोलला ते न लिहिणारा किंवा न बोललेले लिहिणारा लेखनिक. म्हणजे भ्रष्टाचार न्यायासनावरच असतो असे नाही, खाली बसून कागद लिहिणाऱ्या हातातही असतो, हे तेव्हाच ओळखले होते. धोका एवढाच, की हेर राजाचा आहे. राजाला नको असलेल्या धर्मस्थाच्याच दारात तो वारंवार जाणार नाही याची हमी कोण देणार?

आधुनिक इतिहासाला वळण मिळते ते इंग्लंडमध्ये, आणि त्यातले सर्वांत दुःखद प्रकरण फ्रान्सिस बेकनचे. १६२१ मध्ये तो लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडचा सर्वांत मोठा न्यायाधिकारी होता, त्या काळातला सर्वांत तल्लख माणूस, न्यायाधीशाने कसे वागावे यावर स्वतः निबंध लिहिलेला. त्याच्या न्यायालयात ज्यांची प्रकरणे चालू होती अशा पक्षकारांकडून त्याने भेटी आणि पैसे घेतले होते. त्याने आरोप कबूल केले. त्याला ४० हजार पौंड दंड, राजाच्या मर्जीपर्यंत कैद आणि कोणतेही पद धारण करण्यास कायमची बंदी अशी शिक्षा झाली. कैद काही दिवसांतच संपली, दंडही राजाने सोडला. त्याचे म्हणणे होते की भेटी घेतल्या, पण त्यासाठी न्याय वाकडा केला नाही. हे अंशतः खरे असावे, कारण त्याच्याविरुद्ध पुढे आलेले सुरुवातीचे तक्रारदार पैसे देऊनही हरलेले होते. पण मग त्यांच्यावर झालेला अन्याय कमी होतो का? पैसे मोजल्याशिवाय आपले ऐकले जाणार नाही, असे पक्षकाराला वाटणे हीच हानी आहे. आजच्या आचारसंहितांत ‘प्रत्यक्ष पक्षपात’ आणि ‘पक्षपाताची वाजवी शंका’ असा फरक करून दोन्ही निषिद्ध मानले जातात, त्याची बीजे अशा प्रकरणांत आहेत.

बेकन एकटा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवे. न्यायाधीशांचे उत्पन्न पगारापेक्षा फीवर आणि नजराण्यांवर चालायचे, न्यायालयातली पदे विकली जायची. चॅन्सरी न्यायालयातली पदे विकल्याबद्दल लॉर्ड चॅन्सेलर मॅकल्सफील्ड याला १७२५ मध्ये ३० हजार पौंड दंड झाला. फ्रान्समध्ये तर न्यायाधीशाचे पद विकत घेता येई आणि वारसाने देताही येई. ती प्रथा मोडायला १७८९ ची क्रांती लागली. पद विकत घेतलेला माणूस ते पैसे वसूल करणारच.

१७०१ च्या इंग्रजी ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’ने दोन गोष्टी एकत्र बांधल्या: न्यायाधीशाचे वर्तन चांगले आहे तोवर पद कायम, आणि वेतन निश्चित. त्याला हटवायचे तर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मागणी करायची. राजाच्या लहरीतून न्यायाधीश सुटला. जगभरच्या राज्यघटनांनी पुढे हाच साचा उचलला, भारतानेही. पण हा तट राजाला बाहेर ठेवण्यासाठी बांधला होता. आत काय चालते ते बघायला त्यात खिडकी ठेवलेली नव्हती. ब्रिटिश संसदेने या मार्गाने आजवर एकच न्यायाधीश हटवला: आयर्लंडच्या नौकायन न्यायालयातला जोना बॅरिंग्टन, १८३० मध्ये. न्यायालयात जमा झालेली रक्कम त्याने स्वतःकडे वळवली होती, आणि ते कृत्य तोवर वीस-पंचवीस वर्षे जुने झाले होते.

भारतात १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याने हा मार्ग आखून दिला: लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या, तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत. त्याची पहिली खरी कसोटी न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या प्रकरणात लागली. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना केलेल्या खर्चाबद्दलचे आरोप होते. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध मानले. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. विशेष बहुमत न मिळाल्याने प्रस्ताव पडला. न्यायाधीशांच्याच समितीने दोषी धरलेला माणूस राजकीय पक्षाच्या मौनामुळे पदावर राहिला, आणि तेव्हापासून या मार्गाचा धाक असा उरला नाही. २०११ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेने १८९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केला. लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला आणि प्रक्रिया तिथेच थांबली. स्वतंत्र भारताच्या घटनेखाली या मार्गाने एकही न्यायाधीश शेवटपर्यंत हटवला गेलेला नाही.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने दुसरी दारे उघडली. १९९१ च्या वीरास्वामी निकालाने उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरले, मात्र सरन्यायाधीशांशी सल्लामसलत केल्याशिवाय गुन्हा नोंदवायचा नाही, अशी अट घातली. १९९७ मध्ये न्यायिक मूल्यांचा ठराव झाला, १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत. ही पद्धत न्यायाधीशांच्या हातात आहे, म्हणून सरकारच्या हस्तक्षेपापासून सुरक्षित. आणि त्याच कारणाने बंद दाराआड.

कौटिल्याची वाट मात्र १९८० च्या दशकात शिकागोत पुन्हा चालून पाहिली गेली. ‘ऑपरेशन ग्रेलॉर्ड’ नावाच्या मोहिमेत एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने बनावट गुन्हे, बनावट आरोपी आणि बनावट वकील शिकागो ज्यात येते त्या कुक काउंटीच्या न्यायालयांत पाठवले, एका न्यायाधीशाच्या दालनात ध्वनिमुद्रण यंत्र बसवले. पंधरा न्यायाधीश दोषी ठरले, शिवाय वकील, पोलीस आणि न्यायालयीन कर्मचारी. त्यातून कळलेले व्यवहार अगदी किरकोळ आणि म्हणूनच भयंकर होते. काही वकील कोर्टाच्या आवारातच गरीब आरोपींना गाठत. जामिनाची परत मिळणारी रक्कम न्यायाधीशाच्या मंजुरीने वकिलाची फी म्हणून वळती होई, आणि तिथे फिरू देण्याच्या बदल्यात वकील न्यायाधीशाला हप्ता देत. पैसे थेट हातात क्वचितच पडत. ते पोहोचवणारे कारकून आणि पोलीस होते.

याच शहरातल्या थॉमस मॅलोनी या न्यायाधीशाला खुनाच्या खटल्यांत लाच घेतल्याबद्दल १९९३ मध्ये दोषी ठरवले गेले. त्याने पूर्वी मृत्युदंड दिलेल्या एका कैद्याने मग अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात मुद्दा मांडला: पैसे घेऊन सोडलेल्यांचा संशय येऊ नये म्हणून हा न्यायाधीश पैसे न देणाऱ्यांशी जास्त कठोर वागत होता. १९९७ मध्ये न्यायालयाने त्याला त्याबाबतचे पुरावे मिळवण्याची मुभा दिली. मला हा मुद्दा सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. म्हणजे लाचेचे बळी फक्त त्या खटल्यातले नसतात. जो लाचेच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही, त्याचीही शिक्षा तिने वाढलेली असू शकते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हालचाल उशिरा झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्ये न्यायालयांच्या स्वातंत्र्याची तत्त्वे स्वीकारली, पण भ्रष्टाचाराबद्दल स्पष्ट बोलणे २००० नंतरचे. आशिया-आफ्रिकेतल्या काही देशांचे सरन्यायाधीश आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी न्यायाधीश वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली एकत्र आले, २००१ मध्ये बंगळूरूत न्यायाधीशांच्या आचारसंहितेचा मसुदा ठरला आणि २००२ मध्ये हेगमध्ये त्याला अंतिम रूप मिळाले. स्वातंत्र्य, निःपक्षपात, सचोटी, औचित्य, समानता, आणि सक्षमता व तत्परता ही त्यातली सहा मूल्ये. महत्त्वाचे असे की ही संहिता न्यायाधीशांनी स्वतः लिहिली, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी भेटी घेऊ नयेत याची जबाबदारीही न्यायाधीशावर टाकली. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारातल्या अकराव्या कलमाने न्यायसंस्थेची सचोटी हे सरकारांचे बंधन झाले, तिचे स्वातंत्र्य अबाधित राखूनच.

ही शेवटची अट किती महत्त्वाची, ते केनियात दिसले. २००३ मध्ये चौकशी समितीच्या अहवालावरून २३ न्यायाधीशांची नावे एकदम पुढे आली. आपली बाजू मांडायची पुरेशी संधी न देता माणसे घालवली आणि मोकळ्या जागा घाईने भरल्या, अशी टीका झाली. काही वर्षांतच तक्रारी पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१० च्या घटनेनंतर प्रत्येक न्यायाधीशाची सुनावणी घेणारे वेगळे मंडळ नेमावे लागले. तुर्कस्तानात जुलै २०१६ च्या बंडानंतर एका दिवसात २,७४५ न्यायाधीश-अभियोक्ते निलंबित झाले. तिथे कारण भ्रष्टाचाराचे नव्हतेच. साफसफाई आणि सूड यांतला फरक प्रक्रियेतच असतो.

अलीकडे भर आहे तो आधीच दिसू देण्यावर. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःसाठी पहिल्यांदा लेखी आचारसंहिता जाहीर केली, पण ती मोडली तर कोण बघणार हे त्यात नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये न्यायाधीशांच्या मालमत्तांची माहिती संकेतस्थळावर टाकली. संपत्तीचा तक्ता उपयोगी आहे, पण ती दुसऱ्याच्या नावावर असली तर त्यात दिसत नाही. खटला कोणत्या न्यायपीठापुढे जातो ते कोणी आणि कसे ठरवले, याची उघड नोंद मला त्याहून महत्त्वाची वाटते. आणि तक्रारदाराची स्थिती तर अजून कोणी नीट हाती घेतलेलीच नाही: ज्याचा दावा त्याच न्यायालयात चालू आहे, त्याने न्यायाधीशाविरुद्ध अर्ज कुठे द्यायचा, त्याचे काय झाले हे त्याला कोण कळवणार, आणि त्याची तक्रार हीच न्यायालयाची बेअदबी ठरणार नाही, हे त्याला लेखी कोण देणार?