कड्यावरचं हेल्मेट : सुट्या दगडामागचा इतिहास

पावसाळा सरला की मुंबईतले डोंगरवेडे पुन्हा कसारा आणि कर्जत लोकलकडे वळतात. मुंब्रा आणि कान्हेरीच्या कातळांवर नव्यांचा सराव सुरू होतो, जुनेजाणते ड्यूक्स नोज, तैलबैला, वानरलिंगी अशा कड्या-सुळक्यांचे बेत आखू लागतात. दोर हातातून इंच इंच फिरवून पाहिला जातो, हार्नेसची, म्हणजे दोर अडकवायच्या कमरपट्ट्याची, शिलाई तपासली जाते. हेल्मेट मात्र ‘घेतलंय ना?’ एवढ्यावर सुटतं. ते कशासाठी बनलं आणि कसकसं बदलत गेलं हे कळलं, तर त्याकडे असं दुर्लक्ष होणार नाही.

हे हेल्मेट मुळात आलं ते वरून पडणाऱ्या दगडासाठी. चढणाराच पडला आणि त्याचं डोकं कातळावर आपटलं तर काय, हा विचार बऱ्याच नंतरचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आल्प्समध्ये लोक साध्या फेल्टच्या टोप्या घालून चढत. जास्त काळजी घेणारे टोपीत वर्तमानपत्राचे बोळे भरत. १९३६ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर चौघे चढत होते. त्यातल्या विली आंगेररला कोसळत्या दगडाने जखमी केलं, चढाई सोडून माघार घ्यावी लागली आणि त्या माघारीत चौघांचाही अंत झाला.

महायुद्धानंतर काहींनी खाणकामगारांची हेल्मेटं वापरून पाहिली. खास चढाईसाठीची हेल्मेटं रुळली ती १९६० च्या दशकापासून. जॉर्ज बँडसह १९५५ मध्ये कांचनजंगाची पहिली चढाई करणारे जो ब्राउन यांच्या नावाचं फायबरग्लासचं हेल्मेट ब्रिटनमध्ये बराच काळ चाललं. जड होतं, पण दगड झेलत होतं.

मुंबईत गिरीविहार ही गिर्यारोहण संस्था १९५४ साली सुरू झाली. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही त्याच वर्षीची. परदेशी साहित्य तेव्हा दुर्मीळ आणि महाग होतं. त्यामुळे कारखान्यातलं किंवा बांधकामावरचं पिवळं हेल्मेट डोंगरात जाणं साहजिक होतं. तेव्हाच्या लोकांना मी दोष देणार नाही. आज मात्र ते वापरू नये, आणि त्याचं कारण हनुवटीच्या पट्ट्यात आहे.

युरोपीय मानकानुसार कामगाराच्या हेल्मेटचा पट्टा साधारण १५ ते २५ किलोंच्या ताणाला सुटलाच पाहिजे. हेल्मेट कुठे अडकलं तर गळफास बसू नये म्हणून ही सोय. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचं मानक, ईएन १२४९२, याच्या उलट सांगतं : पट्ट्याने सुमारे ५० किलोंचा ताण सोसला पाहिजे. दोराला लटकून माणूस कातळावर दोनदा-तीनदा आपटतो. पहिल्याच धडकेत हेल्मेट उडालं तर पुढच्या धडका उघड्या डोक्यावर बसतात. मोटरसायकलचं हेल्मेटही इथे उपयोगाचं नाही. ते जड असतं आणि कान झाकतं, त्यामुळे वरच्या गड्याची ‘दगड!’ ही आरोळी नीट ऐकू येत नाही.

सह्याद्रीत ही आरोळी फार महत्त्वाची. इथला बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थरांमध्ये तांबड्या मातीचे मऊ पट्टे आहेत. चार महिने पाणी भेगांत मुरतं, वडा-पिंपळाची मुळं त्या भेगा रुंदावतात आणि हंगामाच्या सुरुवातीला कालपर्यंत पक्का असलेला धोंडा हाताला सुटून येतो. कधी माकडं दगड ढकलतात, कधी रॅपलिंगचा, म्हणजे कड्यावरून खाली उतरायचा, दोर सरकताना खडे उडवतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीत वरून सुटलेल्या दगडाला दुसरीकडे जायला जागाच नसते. म्हणून हेल्मेट घळीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेत चढवायचं. कड्याखाली उभं राहून पट्टे शोधत बसायचं नाही. आरोळी आली की वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं. मान वर केली की हेल्मेट मागे जातं आणि चेहरा दगडासमोर येतो.

जुन्या धाटणीच्या हेल्मेटमध्ये टणक प्लास्टिकचं कवच असतं आणि आत पट्ट्यांची जाळी. जाळी ताणली जाऊन वरचा मार सोसते, पण बाजूने ती फारशी कामाची नाही. सायकलच्या हेल्मेटमधला फोम गिर्यारोहणात आला तेव्हा ही उणीव बरीच भरून निघाली आणि वजनही उतरलं : कवचाचं हेल्मेट ४०० ग्रॅमच्या आसपास, फोमचं त्याच्या जवळपास निम्मं. तरी मानकाचा रोख अजूनही वरच्याच दगडावर आहे. चाचणीत ५ किलोंचं वजन माथ्यावर २ मीटरवरून सोडतात. पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या भागांवर अर्ध्या मीटरवरून. म्हणजे बाजूच्या माराची ऊर्जा माथ्याच्या चौथाई. खरेदी करताना कडा किती खाली उतरल्या आहेत हे म्हणूनच पाहावं.

फोम आला आणि निगा बदलली. थर्माकोलच्या जातीचा ईपीएस फोम दाबला जाऊन मार पचवतो आणि दाबला गेलेला भाग पुन्हा फुगत नाही. वरून हेल्मेट नवंकोरं दिसतं, आत फोमला बारीक तडा असतो. भरल्या लोकलमध्ये सॅकच्या बाहेर लटकवलेलं हेल्मेट दाराच्या दांड्यावर आपटतं, कुणाच्या पाठीखाली चेपतं. तेव्हा ते सॅकच्या आत, कपड्यांच्या मध्ये ठेवावं आणि त्यावर बसू तर कधीच नये. महिन्यातून एकदा आतली गादी काढून फोमवर बोट फिरवावं, पट्ट्यांची शिलाई आणि बकल पाहावं. रंग, थिनर, भलत्या गोंदाचे स्टिकर यांनी प्लास्टिक कमकुवत होतं, तेही वरून दिसत नाही.

मुंबईच्या दमट हवेत घामेजली गादी पिशवीत बंद राहिली की बुरशी धरते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि सावलीत वाळवणं, एवढं पुरतं. गच्चीवर उन्हात टाकू नये, ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं. पावसाळ्यात धबधब्याच्या रॅपलिंगला भाड्याचं हेल्मेट मिळतं. ते दिवसभरात अनेक डोक्यांवरून फिरलेलं असतं, म्हणून आधीच्याच मापावर घालू नये. पुढची कड भुवयांच्या दोन बोटं वर हवी, माप बसवायचं मागचं चाक आवळलेलं हवं आणि पट्टा न लावताही मान हलवल्यावर हेल्मेट जागचं हलता कामा नये. अंबाडा वर बांधला असेल तर तो खाली घ्यावा लागतो.

मोठा दगड बसला की त्या हेल्मेटचं काम संपलं, तडा दिसो वा न दिसो. काही लागलं नसलं तरी बहुतेक निर्माते प्लास्टिकच्या हेल्मेटला उत्पादनापासून कमाल १० वर्षं देतात. तारीख आतल्या बाजूला छापलेली किंवा कोरलेली असते. बाद झालेलं हेल्मेट तसंच भंगारात देऊ नये. आपल्या शहरात टाकलेली वस्तू कुणाच्या तरी हाती लागून पुन्हा वापरात येते, आणि घालणाऱ्याला तिचा इतिहास माहीत नसतो. आधी पट्टे कापावेत, कवचावर आरपार तडा पाडावा आणि मग द्यावं.