गाडीखालची जमीन : कोटिंग करण्याआधी हे वाचा
ठाणे आणि नवी मुंबईतल्या बंगले, रो-हाउस आणि सोसायट्यांसाठी

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक मोबाइलमध्ये एक व्हिडिओ घेऊन येतात. बाहेर गुडघाभर बर्फ, आत गॅरेजची जमीन आरशासारखी, वर रंगीत चिप्स पसरलेल्या. "आम्हाला अस्संच पाहिजे." करून देता येतं. पण ती जमीन ज्या दुखण्यावरचा इलाज आहे ते दुखणं आपल्याकडे नाही, आणि आपलं दुखणं त्या व्हिडिओत कुठे दिसत नाही.

थंड डोंगराळ भागात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. कधी साधं मीठ, कधी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड. ते खारं पाणी टायरला आणि मडगार्डला चिकटून गॅरेजमध्ये येतं आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. रात्री गोठायचं, दुपारी वितळायचं, असं हिवाळाभर चाललं की काँक्रीटच्या वरच्या थराच्या खपल्या निघू लागतात. तिथलं कोटिंग वरून येणारं पाणी अडवायला असतं.

आपल्याकडे पाणी खालून येतं.

नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून उभा राहिला. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला सिडकोने धारण तलाव बांधले ते याचसाठी. अशा ठिकाणी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी किती वर येत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ठाण्यात जुन्या बंगल्यांच्या पार्किंगमध्ये मुरूम टाकून थेट कोबा केलेला सापडतो, खाली प्लास्टिकचा कागद नाही की काही नाही. काँक्रीट दिसायला दगड, पण वागतं कडक स्पंजासारखं. खालची ओल वाफ होऊन त्यातून वर येते आणि उडून जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. वर कोटिंग मारलं की तिची वाट बंद होते. मग महिन्या-दोन महिन्यांत चण्याएवढे फुगे येतात. टाचणीने फोडलात तर आतून पाणी निघतं. लोक म्हणतात माल खराब होता. बहुतेक वेळा माल ठीक असतो, जमीन ओली असते.

ओल आहे का, हे तुम्ही स्वतः बघू शकता. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, जमिनीवर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. रात्रभर, निदान १६ तास, तसंच राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद पडलं असेल तर थांबायचं. ही चाचणी मे महिन्यात करून खूश होऊ नका, मेमध्ये सगळंच कोरडं असतं. कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी पांढरा लोणा आलाय का तेही पाहा. लोणा खोटं बोलत नाही. अशा जमिनीवर आधी ओल रोखणारा खास प्रायमर लागतो. त्याने खर्च वाढतो, आणि तो टाळून आम्ही काम घेत नाही. पार्किंग पोडियमवर असेल आणि खाली दुसरा मजला असेल, तर जमिनीतल्या ओलीचा प्रश्न नाही. तिथे भेगांमधली गळती आधी बघावी लागते.

नवीन काँक्रीट असेल तर निदान २८ दिवस द्या. पेव्हर ब्लॉकवर कोटिंग होत नाही. चेकर्ड टाइल्सवर करू नये, सांध्यांतून उखडतं.

आता घासाई. खरं काम हेच. ओतलेल्या काँक्रीटच्या वर सिमेंटच्या दुधाचा एक कमकुवत थर बसलेला असतो. तळहात जोरात घासलात की हाताला पांढरी पूड लागते, तोच हा. यावर कितीही भारी इपॉक्सी (राळ आणि ती घट्ट करणारा हार्डनर कालवून लावायचं कोटिंग) मारा, ते या पुडीला चिकटतं, काँक्रीटला नाही. आम्ही डायमंडच्या चकत्यांचं ग्राइंडिंग मशिन व्हॅक्यूम लावून चालवतो. तरी आवाज होतोच, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. काही जण बाथरूमचं अ‍ॅसिड ओतून 'एचिंग' करून देतात. स्वस्त पडतं, पण अ‍ॅसिड धुवायला जमिनीत भरपूर पाणी जिरवावं लागतं आणि तेच पाणी नंतर आपल्याला नको असतं. आम्ही ते करत नाही.

घासाई झाल्यावर जमिनीवर ठिकठिकाणी चमचाभर पाणी टाकतो. पाणी मुरलं तर छान. मोत्यासारखं उभं राहिलं तर तिथे तेल मुरलेलं आहे. जिथे वर्षानुवर्षं स्कूटर उभी असते तिथे हमखास तसं होतं. तेवढा तुकडा पुन्हा घासून आणि तेल काढणाऱ्या द्रावणाने धुऊन घ्यावा लागतो, कधी फोडूनच काढावा लागतो.

माल कोणता, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खाली इपॉक्सी : काँक्रीटला घट्ट धरतं, पण उन्हात पिवळं पडतं. म्हणून जिथे ऊन येतं तिथे वर उन्हात न पिवळणारा पॉलियुरेथेनचा टॉपकोट. व्हिडिओतलं 'एका दिवसात गॅरेज तयार' हे बहुधा पॉलिअ‍ॅस्पार्टिक असतं. ते थंडीतही झटपट घट्ट होतं, म्हणून बर्फाच्या देशांत लोकप्रिय. आपल्या उकाड्यात आणि दमट हवेत ते इतक्या घाईने घट्ट होतं की रोलर फिरवायला हात अपुरे पडतात, आणि जोड उठून दिसतात. आम्ही ते वापरतो, पण लहान जागेत आणि थंडीच्या दिवसांत.

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, आम्ही उघड्या किंवा अर्ध्या उघड्या पार्किंगची कामं घेत नाही. याचा धडा आम्ही स्वतः पैसे मोजून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत नेरूळच्या एका रो-हाउसचं काम, घरात गणपती यायचे म्हणून, ऑगस्टमध्ये उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर साय धरल्यासारखा चिकट पांढुरका थर. बाहेर हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २६ च्या आसपास असतो. सावलीतली जमीनही साधारण तेवढीच. मग ओल्या कोटिंगवर दव बसतं, हार्डनर त्या दमट हवेशी नको ते उद्योग करतो आणि वर साय येते. जमीन दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम आणि आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी, हा नियम तेव्हा पुस्तकात वाचलेला होता, पाळलेला नव्हता. सगळं खरवडून दिवाळीनंतर आमच्या खर्चाने पुन्हा केलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे सुरू करतो, कारण कालवलेलं इपॉक्सी बादलीत ठेवलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं. दुपारी विसरलेल्या बादलीतून धूर येताना आम्ही पाहिला आहे.

कोटेशन आल्यावर आकडा पाहण्याआधी जाडी पाहा. एक लिटर माल एका चौरस मीटरवर पसरला की बरोबर १ मिलिमीटर जाडी येते. एका गाडीची जागा अडीच बाय पाच मीटर धरली तर साडेबारा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. २ मिलिमीटर जाडी हवी तर २५ लिटर माल लागतो. 'दोन एमएम' लिहून साइटवर दहा लिटरचे डबे उतरले, तर कारागिराला चहा द्या आणि हिशेब विचारा. नुसते दोन रोलर कोट म्हणजे २०० मायक्रॉनच्या आसपास, कागदाच्या दोन पानांएवढे. पायी वावराच्या जागेला पुरे, गाडीखाली कमी.

गुळगुळीत जमिनीवर पावसाळ्यात ओल्या चपलेने घसरायला होतं, म्हणून रॅम्पवर आणि प्रवेशाच्या पट्ट्यात आम्ही क्वार्ट्झची वाळू पेरतो. तिथे पोछा अडकतो ही तक्रार मान्य आहे, खराटा वापरा.

काम झाल्यावर २४ तासांनी चालता येईल, गाडी मात्र ७ दिवसांनी. घाई केलीत तर हायवेवरून तापून आलेले टायर कच्चं कोटिंग मऊ करतात आणि निघताना उचलून नेतात. मोटरसायकलचं साइड स्टँड हा आपल्याकडचा खास शत्रू : सगळा भार रुपयाएवढ्या जागेवर. स्टँडखाली टाइलचा तुकडा ठेवा. काळं रबरी मॅट ठेवू नका, डाग पडतो आणि जात नाही. धुवायला साधं डिटर्जंट, अ‍ॅसिड कधीच नाही.

काही ग्राहकांची मनालीकडे किंवा उत्तराखंडात दुसरी घरं आहेत. आम्ही तिकडे कामं घेत नाही, पण तिथल्या कारागिराशी बोलताना दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. पारा १० अंशांखाली असेल तर साधं इपॉक्सी जवळजवळ घट्टच होत नाही, म्हणून काम उबदार कोरड्या दिवसांत करा किंवा थंडीत घट्ट होणारा माल मागा. काँक्रीट नव्याने ओतणार असाल तर त्यात मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखणारं मिश्रण घाला. गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा मिळते. त्याशिवायच्या काँक्रीटला वरचा रंग फार काळ वाचवत नाही. उतार दाराकडे ठेवा, म्हणजे गाडीवरून गळालेला बर्फ आत साचणार नाही. आणि लोखंडी फावड्याने बर्फ ओढू नका, टायरच्या साखळ्या दारातच काढा.

आम्ही पाहणीला येण्याच्या आदल्या रात्री गाडी बाहेर लावा आणि वर सांगितलेलं प्लास्टिक चिकटवून ठेवा. आम्ही आल्यावर ते तुमच्यासमोरच उचलू.